फ्लॉरेन्सचा पित्ती राजवाडा आणि त्यातली पालातिना गॅलरी: जाण्याआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फ्लॉरेन्सला गेलेली आपली बहुतेक मंडळी उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय पाहतात, मायकेलँजेलोचा डेव्हिड पाहतात, पोन्ते वेक्कियो पुलावर फोटो काढतात आणि तिथूनच मागे फिरतात. तोच पूल ओलांडून पाच मिनिटं पुढे चाललं की पित्ती राजवाडा लागतो. माझ्या मते त्या शहरात चित्रं पाहायला याहून चांगली जागा नाही. जाण्याआधी नातेवाईक आणि मित्रमैत्रिणी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र देते आहे.

हा राजवाडा कोणाचा? पित्ती नावाचा राजा होता का?

नाही. लुका पित्ती हा पंधराव्या शतकातला श्रीमंत सावकार. फ्लॉरेन्सवर वचक असलेल्या मेदिची घराण्याच्या तोडीचं घर बांधायचं म्हणून त्याने १४५८ च्या सुमारास काम काढलं. तेव्हाची इमारत आजच्या मानाने लहान, रुंदीला फक्त सात खिडक्यांची. १४७२ मध्ये तो वारला आणि घर अर्धवट राहिलं. पुढे सुमारे पाऊणशे वर्षांनी ते विकत घेतलं ते मेदिचींनीच. तेव्हा फ्लॉरेन्सवर राज्य करणारा पहिला कोझिमो याची पत्नी एलिओनोरा दी तोलेदो हिने हा व्यवहार केला. मागची टेकडी घेऊन बाग आखायला लावली आणि पुढच्या पिढ्या दोन्ही बाजूंना वाडा वाढवत गेल्या.

मेदिचींनंतर ऑस्ट्रियाशी नातं असलेलं लोरेन घराणं इथे राहिलं. मध्ये काही वर्षं नेपोलियनची बहीण एलिसा होती. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं, तेव्हा राजा व्हित्तोरिओ इमानुएले दुसरा याचा मुक्काम इथेच. १९१९ मध्ये राजघराण्याने वाडा देशाच्या स्वाधीन केला. पालातिना या शब्दाचा अर्थच मुळी ‘राजवाड्याची’. राजवाड्यातली गॅलरी ती पालातिना गॅलरी, असं सरळ नाव आहे.

उफ्फिझी पाहिल्यावर इथे वेगळं काय मिळणार?

उफ्फिझी मुळात सरकारी कचेऱ्यांची इमारत. आज तिथली चित्रं शतकांप्रमाणे ओळीने लावलेली आहेत, त्यामुळे इतिहासाचा धडा नीट कळतो. पित्तीत तसं काहीच नाही. इथे सुमारे ५०० चित्रं जुन्या राजेशाही पद्धतीने टांगली आहेत: एकावर एक, दोन-तीन रांगांत, सोनेरी चौकटीला चौकट भिडवून, कुठे कुठे पार छताच्या नक्षीपर्यंत. राफाएलच्या शेजारी रुबेन्स, त्याच्या वर एखादा अनोळखी चित्रकार. चित्राचा विषय, आकार, भिंतीचा तोल आणि घरमालकाची आवड यावर ही मांडणी ठरली. ती बहुतांशी तशीच ठेवली आहे.

नवख्या माणसाला पहिल्या दालनात गांगरायला होतं. मलाही झालं होतं. पण एकदा ‘आपण कुणाच्या तरी घरी आलो आहोत’ हे मनाशी धरलं की सगळं जागेवर बसतं. संगमरवरी टेबलं, रेशमी कापड लावलेल्या भिंती, झुंबरं, खिडकीतून येणारा उजेड या सगळ्यांसकट चित्र पाहायचं असतं. ही चित्रं ज्यांच्यासाठी जमवली गेली त्यांनी ती अशीच, येता-जाता पाहिली.

दालनांना ग्रहांची नावं का आहेत?

हा माझा अत्यंत आवडता भाग. मुख्य पाच दालनांची नावं शुक्र, अपोलो म्हणजे सूर्य, मंगळ, गुरू आणि शनी अशी आहेत. आपण पत्रिकेत पाहतो तेच ग्रह. पृथ्वी मध्यभागी धरून जुन्या खगोलशास्त्राने ग्रहांचा जो क्रम लावला होता, त्यातला शुक्रापासून शनीपर्यंतचा क्रम इथे आहे. चंद्र आणि बुध यांना मात्र दालन नाही.

१६४० च्या दशकात ग्रँड ड्यूक (म्हणजे इथला राज्यकर्ता) दुसरा फेर्दिनांदो मेदिची याने पिएत्रो दा कोर्तोना या चित्रकाराला ही छतं रंगवायला दिली. कोर्तोना काम अर्धवट टाकून रोमला गेला आणि त्याचा शिष्य चिरो फेर्री याने ते पुरं केलं. छतांवर एका राजपुत्राचं आयुष्य आहे. शुक्राच्या दालनात विद्येची देवता मिनर्व्हा त्या तरुणाला प्रेमाची देवता व्हीनस, म्हणजेच शुक्र, हिच्या मिठीतून ओढून काढते. सूर्याच्या दालनात तो शास्त्रं आणि कला शिकतो, मंगळाच्या दालनात लढतो, गुरूच्या दालनात त्याला मुकुट मिळतो आणि शनीच्या दालनात, उतारवयात, कीर्तीसह देवलोकी जातो. गुरूचं दालन हे दरबाराचं दालन होतं, हे लक्षात घेतलं की त्या मुकुटाचा अर्थ आणखी उलगडतो.

याला आणखी एक धागा आहे. १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूचे चार उपग्रह शोधले आणि त्यांना ‘मेदिची तारे’ असं नाव दिलं. फेर्दिनांदोचे वडील दुसरे कोझिमो हे गॅलिलिओचे विद्यार्थी. ज्या घराचं नाव गुरूच्या उपग्रहांना लागलं, त्या घरात गुरूच्या छताखाली दरबार भरायचा. म्हणून प्रत्येक दालनात शिरलात की आधी मान वर करा, भिंतींकडे नंतर वळा. पांढऱ्या-सोनेरी गिलाव्यातल्या मूर्ती आणि रंगवलेल्या मूर्ती कुठे एकमेकांत मिसळतात ते शोधण्यात मुलंही रमतात.

दीड-दोन तासच आहेत. कोणती चित्रं चुकवू नयेत?

पाच-सहाच पाहा, पण प्रत्येकापुढे नीट थांबा. माझी निवड अशी. (चित्रं कधी कधी प्रदर्शनाला बाहेरगावी जातात किंवा दुरुस्तीला काढलेली असतात, तेवढी तयारी ठेवा.)

राफाएलचं ‘खुर्चीवरची मॅडोना’ (मॅडोना म्हणजे येशूची आई मेरी), शनीच्या दालनात. गोल चित्र, व्यास जेमतेम ७१ सेंटिमीटर. आई, मांडीवरचं गुटगुटीत बाळ आणि मागे हात जोडलेला छोटा जॉन, म्हणजे बायबलमधला संत जॉन, लहानपणीचा. आईने बाळाला असं कवटाळलं आहे की तिची मान, तिचा गुडघा, बाळाची पाठ, सगळ्या रेषा गोल वळतात. सरळ उभी दिसते ती फक्त खुर्चीची दांडी. शालीचा हिरवा आणि बाळाच्या कपड्याचा पिवळा हे रंग छापील प्रतीत कधीच नीट उतरत नाहीत. फ्रेंच सैन्याने १७९९ मध्ये हे चित्र पॅरिसला नेलं, ते १८१५ मध्ये परत आलं. त्याच दालनात राफाएलचंच ‘ग्रँड ड्यूकची मॅडोना’ आहे. काळ्या पार्श्वभूमीवर शांत उभी असलेली आई. लोरेन घराण्यातला ग्रँड ड्यूक तिसरा फेर्दिनांदो हे चित्र परागंदा असतानाही सोबत बाळगायचा, म्हणून ते नाव.

‘ला व्हेलाता’, गुरूच्या दालनात. डोक्यावरून ओढणी घेतलेली तरुणी, तीही राफाएलचीच. आपल्या डोळ्यांना तो डोक्यावरचा पदरच वाटतो. चेहरा पाहून झाला की तिची बाही पाहा. पांढऱ्या-सोनेरी रेशमाच्या चुण्या इतक्या जीव ओतून रंगवल्या आहेत की पैठणीची पारख असलेल्या बाईला तिथून हलवणं कठीण जाईल. केसात एकच मोती आहे, तो शोधायला विसरू नका.

रुबेन्सचं ‘युद्धाचे परिणाम’, मंगळाच्या दालनात. हे मोठं चित्र त्याने १६३७-३८ मध्ये, युरोप तीस वर्षांच्या युद्धात होरपळत असताना, रंगवून फ्लॉरेन्सला पाठवलं. सोबतच्या पत्रव्यवहारात त्याने चित्राचा अर्थ स्वतः समजावून सांगितला आहे. युद्धदेव मंगळ रक्ताळलेली तलवार घेऊन निघाला आहे. व्हीनस त्याला थोपवू पाहते आणि तिच्याने ते होत नाही. त्याच्या पायाखाली पुस्तकं तुडवली जात आहेत. जमिनीवर मोडक्या वाद्यासह पडलेली बाई म्हणजे सुसंवाद, तिच्याजवळ बाळाला छातीशी धरलेली आई, आणि हातात अवजारं घेऊन उताणा पडलेला वास्तुविशारद. डावीकडे काळ्या फाटक्या वस्त्रात, हात वर करून आकांत करणारी बाई म्हणजे युरोप. मी या चित्रापुढे दर वेळी थांबते आणि दर वेळी नजर त्या बाईवर खिळते.

टिशियनची ‘ला बेल्ला’, शुक्राच्या दालनात. निळा पोशाख केलेल्या अनामिक स्त्रीचं व्यक्तिचित्र, साधारण १५३६ चं. याच दालनात कानोव्हाची संगमरवरी व्हीनस उभी आहे. फ्रेंचांनी मेदिचींची प्राचीन व्हीनस पॅरिसला नेल्यावर तिच्या जागी ही आणली. कानोव्हाने नक्कल करायचं नाकारून आपली स्वतःची मूर्ती घडवली. पुढे जुनी मूर्ती परत आली आणि ती उफ्फिझीत आहे.

काराव्हाज्जोचा ‘झोपलेला क्युपिड’. १६०८ मध्ये, खुनानंतर रोममधून परागंदा झालेला काराव्हाज्जो माल्टात होता, तेव्हाचं हे चित्र. प्रेमाचा देव असा की पाहून जवळ घ्यावंसं वाटू नये: गडद अंधारात पडलेलं, पोट फुगलेलं, आजारी वाटणारं पोर.

आणि आर्तेमिसिया जेंतिलेस्कीचं ‘ज्युडिथ आणि तिची दासी’. ज्युडिथ ही बायबलच्या कथेतली, शत्रूच्या सेनापतीला मारणारी स्त्री. शत्रूचं मुंडकं टोपलीत आहे, दोघी निघाल्या आहेत, आणि काहीतरी चाहूल लागून वळून पाहत आहेत. आर्तेमिसिया ही फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत १६१६ मध्ये प्रवेश मिळालेली पहिली स्त्री. दासीच्या हातातल्या टोपलीखालून झिरपणारं रक्त पाहा.

एक सूचना: राफाएलने रंगवलेली दोनी दांपत्याची चित्रं जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत पित्तीत असल्याचं लिहिलेलं असतं. ती २०१८ पासून उफ्फिझीत आहेत.

इतकी चित्रं विकली, लुटली गेली नाहीत कशी?

याचं श्रेय एका स्त्रीचं. आन्ना मारिया लुइझा ही मेदिची घराण्यातली शेवटची. भाऊ १७३७ मध्ये निपुत्रिक वारला आणि राज्य लोरेन घराण्याकडे गेलं. तिने त्याच वर्षी नव्या राज्यकर्त्यांशी करार केला: घराण्याची चित्रं, मूर्ती, ग्रंथ, जडजवाहीर त्यांना मिळेल, पण त्यातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर न्यायचं नाही. राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी पाहुण्यांचं आकर्षण अशी कारणंही करारात दिली आहेत. आपण तिकीट काढून आत जातो ते तिच्या त्या तिसऱ्या कारणापायी. १७४३ मध्ये ती याच वाड्यात वारली. तिच्याआधी आणि नंतर युरोपातल्या किती घराण्यांचे संग्रह लिलावात विखुरले गेले, हे आठवलं की या बाईपुढे हात जोडावेसे वाटतात.

नेपोलियनच्या काळात बरंच काही गेलं, त्यातलं बहुतेक परत आलं. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पोन्ते वेक्कियो सोडून शहरातले सगळे पूल उडवले, तेव्हा नदीकाठची घरं सोडावी लागलेल्या हजारो लोकांनी याच वाड्यात आसरा घेतला. आणि १९६६ च्या महापुरात भिजलेली लाकडी फळ्यांवरची चित्रं मागच्या बागेतल्या लिंबाच्या झाडांच्या कोठीत ठेवून हळूहळू वाळवली गेली.

तिकीट आणि वेळ?

सोमवारी बंद. १ जानेवारी आणि २५ डिसेंबरलाही बंद. उफ्फिझी आणि डेव्हिडची अकादेमिया ही दोन्हीही सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार चर्च आणि बाजारासाठी ठेवा. पित्तीचं आणि मागच्या बोबोली बागेचं तिकीट वेगवेगळं आहे. उफ्फिझी, पित्ती आणि बोबोली मिळून सलग पाच दिवस चालणारं एकत्र तिकीटही मिळतं. तीन ठिकाणं पाहायची असतील तर तेच घ्यावं. दर बदलत असतात, म्हणून ते उफ्फिझीच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. शोधल्यावर वर येणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात आणि तेच तिकीट जास्त पैशांना विकतात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण त्या दिवशी गर्दी असते. चित्रांसाठी जाणाऱ्याने तो दिवस टाळावा.

स्टेशनवरून कसं जायचं?

चालत. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनपासून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पोन्ते वेक्कियोवर माणसाला माणूस घासतो, त्याऐवजी शेजारच्या सांता त्रिनिता पुलावरून या. रस्ता मोकळा आणि पोन्ते वेक्कियोचं दृश्यही इथूनच चांगलं दिसतं.

आईवडिलांना झेपेल का?

गॅलरी झेपेल. लिफ्ट आहे, दालनं एकाच मजल्यावर ओळीने आहेत. वाड्यासमोरचं चौक उताराचं आणि दगडी आहे, तिथे हात धरावा. बोबोली बाग मात्र टेकडीवर आहे. चढ, पायऱ्या, खडी, आणि उन्हाळ्यात कडक ऊन. गुडघे दुखणाऱ्यांनी वाड्यालगतचा सपाट भाग पाहून यावं. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दार उघडताच जा. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात सुखाचे.

मुलांचं तिकीट लागतं का? कंटाळतील का?

इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत असतो, आपल्या मुलांनाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. आणि कंटाळा येऊ नये म्हणून एकच करा: चार दालनं झाली की बागेत सोडा.

फोटो काढू देतात का? बॅग नेता येते का?

फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. सेल्फी स्टिक चालत नाही. मोठी सॅक ठेवून द्यावी लागते. आत खाता-पिता येत नाही.

वाड्यात आणखी काय आहे?

बरंच. तळमजल्यावर ग्रँड ड्यूकांचा खजिना: रत्नं जडवलेली भांडी, हस्तिदंत, स्फटिक. वरच्या मजल्यावर आधुनिक कलेची गॅलरी, तिथे फात्तोरी, लेगा, सिन्योरिनी या एकोणिसाव्या शतकातल्या तोस्कानी (फ्लॉरेन्सच्या तोस्काना प्रांतातल्या) चित्रकारांचं काम आहे. फ्रेंच प्रभाववाद्यांच्याही आधी हे लोक बाहेर उजेडात बसून रंगाचे ठिपके मांडत होते. गर्दी जवळजवळ नसते. वेळ असेल तर मी खजिना सोडून इथे जायला सांगेन. वेशभूषेच्या संग्रहालयात पहिल्या कोझिमोचे आणि एलिओनोराचे दफनाच्या वेळचे कपडे जपून ठेवले आहेत. जिने हा वाडा घेतला तिच्या अंगावरचं वस्त्र पाहताना अंगावर काटा येतो.

संगीताची आवड असणाऱ्यांसाठी: १६०० च्या ऑक्टोबरमध्ये मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या लग्नसोहळ्यात याकोपो पेरीचं ‘एउरिदिचे’ याच वाड्यात सादर झालं. ज्याचं संगीत आज पूर्ण उपलब्ध आहे असं हे सगळ्यात जुनं ऑपेरा.

बोबोली बाग पाहायलाच हवी का?

हवा चांगली असेल तर हो. वाड्यामागे अर्धवर्तुळाकार रंगमंडल आहे, त्यात इजिप्तहून रोमला आणि रोमहून इथे आलेला ओबेलिस्क, म्हणजे निमुळता उंच दगडी स्तंभ, उभा आहे. वास्तुविशारद बुओन्तालेन्तीची कृत्रिम गुहा मुद्दाम पाहा. मायकेलँजेलोचे ‘बंदिवान’ हे अपुरे पुतळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे कोपऱ्यांत, खडकातून बाहेर पडत असल्यासारखे उभे होते. आता तिथे प्रती आहेत, मूळ पुतळे अकादेमियात.

तो प्रसिद्ध गुप्त मार्ग इथूनच जातो का?

वसारीचा कॉरिडॉर. १५६५ मध्ये पाच महिन्यांत बांधला. राज्यकर्त्यांना रस्त्यावर न उतरता, पोन्ते वेक्कियोच्या दुकानांवरून, कचेरीतून घरी येता यावं म्हणून. कैक वर्षं बंद राहून तो डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडला. उफ्फिझीतून सुरुवात करून बोबोली बागेत बाहेर पडायचं, उलट जाता येत नाही. आरक्षण आधीच लागतं.

शाकाहारी माणसाने काय खावं?

उपाशी राहणार नाही. ‘पाप्पा अल पोमोदोरो’ म्हणजे शिळ्या पावाची टोमॅटो घालून केलेली दाटसर पेज, आणि ‘पान्झानेल्ला’ म्हणजे पाव, टोमॅटो, काकडी, कांद्याची कोशिंबीर. ‘रिबोल्लिता’ हे पालेभाजी, घेवडा आणि पावाचं कालवण उत्तम, पण मटणाचं पाणी वापरलं आहे का ते विचारा. तोस्कानी पावात मीठ नसतं, पाव बिघडलाय असं समजू नका. ‘लाम्प्रेदोत्तो’ लिहिलेल्या गाड्यावर गाईच्या पोटातल्या मांसाचा पाव मिळतो, ज्यांना चालत नाही त्यांनी हा शब्द पाठ करावा. पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने करतात, कडक शाकाहारींनी तेही टाळावं. वाड्यासमोरच्या चौकापेक्षा जवळच्या सांतो स्पिरितो चौकात खाणं स्वस्त आणि बरं.

फ्लॉरेन्समध्ये कोल्हापूरच्या महाराजांची समाधी आहे म्हणतात. खरं का?

खरं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. वय अवघं वीस. त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं आणि पित्ती हे राजाचं घर. मुक्तिधाम, लाकडं, मंत्र यांतलं काहीच त्या शहराला माहीत नव्हतं. तरी दोन पाण्यांच्या संगमावर दहन व्हावं ही रीत मानली गेली आणि आर्नो नदीला मुन्योने जिथे मिळते त्या जागी त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथे छत्री उभारली, तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही पुढे त्यांनीच आखला. जवळच्या पुलाला आजही इटालियन लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात.

जागा काश्चिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. ट्रामने काश्चिने थांब्यावर उतरून झाडीतून नदीच्या कडेने पश्चिमेला सुमारे पाऊण तास चालत राहायचं. सकाळी पित्ती पाहून दुपारी निघालात तर उजेड असताना पोहोचाल. तिथे फुलं विकायला कोणी बसत नाही, वाहायची असतील तर शहरातूनच घेऊन जा.